मागची बाकडी काढल्यावर

जीपची मागची बाकडी काढायला फारसं काही लागत नाही. आदल्या रात्री बोल्टांवर गंज सोडवणारं तेल सोडावं, सकाळी लांब दांड्याचा पाना लावावा, खालून दुसऱ्याने नट धरावा, बाकडी सुटतात. हौदा मोकळा होतो. त्यात आंब्याच्या पेट्या बसतात, तंबू आणि स्वयंपाकाचं सामान बसतं, रानात मुक्काम पडला तर माणसाला आडवं होता येतं. महिंद्राच्या जुन्या एमएम 540 पासून 2010 साली आलेल्या थारपर्यंत, आणि मारुतीच्या कापडी टपाच्या जिप्सीतही, मागची बाकडी समोरासमोर, चाकांवरच्या पत्र्याच्या पेट्यांना लागून बसवलेली असतात. ती निघाली की पेट्यांत, तळाच्या पत्र्यात आणि काही गाड्यांत बाजूच्या पत्र्यातही भोकं उरतात.

या भोकांकडे कुणी नीट बघत नाही. वर मॅट टाकली की ती दिसत नाहीत. मात्र पुढे गाडीचा तळ किती टिकणार हे बऱ्याच अंशी त्यांच्यावर ठरतं, आणि त्यातही भोकापेक्षा भोकाच्या कडेवर. भोक रबराने झाकता येतं, चकतीने, पत्र्याच्या ठिगळाने, वेल्डिंगनेही. कड राखली नसेल तर झाकणाखाली ती खात सुटते, आणि काही पावसाळ्यांनंतर बोल्टाएवढ्या भोकाच्या जागी पंजा जाईल एवढं भगदाड सापडतं. हे संपूर्ण प्रकरण त्या कडेसाठी आहे.

कड कमकुवत का असते? कारखान्यात पत्र्यावर आधी फॉस्फेटचा हात दिला जातो, मग प्रायमर, मग रंग. सपाट भागावर हे थर एकसारखे बसतात. धारदार कडेवर मात्र ओला रंग सुकताना मागे सरकतो. पृष्ठताणामुळे तो कडेपासून दूर ओढला जातो आणि तिथे थर सर्वांत पातळ राहतो. त्यात बाकड्याचा बोल्ट वर्षानुवर्षं त्याच कडेवर घासलेला असतो. खड्ड्यातून गाडी गेली की बाकडं किंचित हलतं, बोल्ट हलतो, रंग उडतो. भोक जर मालकाने नंतर ड्रिलने पाडलेलं असेल, तर त्याच्या कडेला रंग कधी लागलेलाच नसतो.

आता वॉशरखाली काय होतं ते पाहा. वॉशर आणि पत्रा यांच्या फटीत पाणी शिरतं आणि ते सहज सुकत नाही. उघड्यावरच्या पत्र्यापेक्षा झाकलेला पत्रा सुरक्षित, असं आपल्याला वाटतं. केंब्रिजमधल्या यूलिक इव्हान्स यांनी शंभरेक वर्षांपूर्वी मिठाच्या पाण्याचा एक थेंब लोखंडावर ठेवून याच्या उलट दाखवलं. थेंबाच्या काठाला हवेतला प्राणवायू भरपूर मिळतो, मध्यभागी कमी. लोखंड विरघळतं ते मध्यभागी, जिथे प्राणवायू कमी असतो तिथे. काठ आणि मध्य यांच्यात एक छोटा विद्युतघट तयार होतो आणि मधलं लोखंड झिजत राहतं. वॉशरखालची फट म्हणजे त्या थेंबाचा मध्यभाग. म्हणून जुना बोल्ट काढल्यावर वॉशरचा गोल बाहेरून ठीक दिसतो आणि आत मात्र पत्रा पापुद्र्यांनी सुटलेला असतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो आजूबाजूचा रंगही उचलतो, आणि उचललेल्या रंगाखाली पुन्हा नवी फट तयार होते.

याला हवा साथ देते. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की गंजण्याचा वेग एकदम वाढतो, हे ब्रिटिश संशोधक व्हर्नन यांनी दोन महायुद्धांच्या मधल्या काळात मोजून दाखवलं. कोकणात पावसाळ्याचे चार महिने आर्द्रता या रेषेच्या बरीच वर असते. त्यात समुद्राचं मीठ. या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं, आणि ते हवेत तेहेतीस-चौतीस टक्के आर्द्रता असली तरी पाणी ओढून ओलं होतं. म्हणजे किनाऱ्यावर फिरून आलेली जीप उन्हात उभी केली, हात लावून कोरडी वाटली, तरी फटीतलं मीठ ओलंच असतं. वाळूत गाडी नेण्याची हौस ज्यांना आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं. गाडी परत आली की गोड्या पाण्याने खालून धुवावी, तीही त्याच दिवशी.

गंज हळूहळू मारतो. उघड्या भोकातून येणारी दुसरी गोष्ट लवकर मारू शकते. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि नळकांड्यातून बाहेर पडलेला धूर त्या पोकळीत घुटमळतो. तळाला भोकं असतील आणि टप लावलेला असेल तर तो धूर हौद्यात ओढला जातो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपट अधिक घट्ट चिकटतो. ज्यांनी बाकडी काढली ती हौद्यात झोपण्यासाठी, त्यांनी इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही, हे तर आहेच. पण भोकं बुजवणं हा या सुरक्षिततेचाच भाग आहे.

हे वाचून कुणी सगळीच भोकं बुजवायला निघेल, म्हणून इथे थांबून सांगतो: काही भोकं मुद्दाम ठेवलेली असतात. हौद्याच्या सर्वांत खोल जागी पाणी निघून जाण्यासाठी भोक असतं. पेटीच्या आतल्या बाजूला, आडव्या पट्ट्यांच्या टोकांना, दाराखालच्या पोकळीत अशीच छोटी भोकं असतात. ती बंद केली की पाणी आत अडकतं आणि पत्रा आतून जातो. बाहेर काहीच दिसत नाही, आणि दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. दुसरी जपायची जागा सीटबेल्टच्या बोल्टांची. तिथे पत्र्यामागे जाड पट्टी आणि आटे पाडलेला नट पक्का झाळलेला असतो, कारण अपघातात माणसाचा सगळा झटका तिथेच येतो. तो आटा वेल्डिंगने भरून टाकला तर पुन्हा तशी भक्कम जागा साध्या गॅरेजमध्ये तयार होत नाही. आटा साफ करावा, मापाचा बोल्ट ग्रीस लावून घट्ट बसवावा आणि तसाच ठेवावा. कामाला लागण्याआधी गाडीखाली टॉर्च घेऊन झोपावं आणि प्रत्येक भोक कशाचं आहे ते खडूने लिहावं. यात एक संध्याकाळ जाईल, ती जाऊ द्यावी.

कायद्याचा विचारही पत्रा कापण्याआधीच करायचा आहे, कारण भोक कायमचं बंद करायचं की परत उघडेल असं, हे त्यावर ठरतं. गाडीच्या आरसीवर आसनसंख्या नोंदलेली असते. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतल्या आणि उत्पादकाने ठरवून दिलेल्या रचनेला छेद देणारा बदल मालकाला परस्पर करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकच लावला. म्हणून आधी आरटीओत विचारावं, नोंद बदलून घ्यावी, विमा कंपनीला लेखी कळवावं. जोवर नोंद बदललेली नाही तोवर माझं मत स्पष्ट आहे: बाकड्यांची मूळ भोकं वेल्डिंगने बंद करू नयेत. गाडी पुन्हा मूळ रूपात आणता आली पाहिजे. बाकडी, त्यांचे कंस, नट-बोल्ट भंगारात घालू नयेत, तेल लावून कोरड्या जागी ठेवावेत.

अशा वेळी सर्वांत चांगला उपाय साधा आहे आणि म्हणूनच त्याला कमी लेखलं जातं. भोकाभोवतीचा दोन बोटं रुंदीचा रंग खरवडून पत्रा चकचकीत करायचा. आतली कड गोल कानशीने मऊ करायची. धार मोडली की रंग तिथे टिकतो. मग एपॉक्सी प्रायमरचे दोन हात, कडेच्या आतल्या बाजूलाही, बारीक ब्रशने. रंग पूर्ण सुकल्यावर आखूड बोल्ट, वरून-खालून मोठे वॉशर आणि दोन्ही वॉशरांखाली पीयू सीलंटचं वळं. बोल्ट आवळताना सीलंट चहूबाजूंनी सारखं बाहेर आलं पाहिजे. एका बाजूने आलं नाही तर तिथे फट आहे असं समजावं. जस्ताचा मुलामा असलेला बोल्ट घ्यावा. स्टेनलेसचा बोल्ट दिसायला छान, पण साध्या पोलादाच्या पत्र्याजवळ ओल असेल तर झिजतो तो पत्रा, बोल्ट नव्हे. रबराचं बूच त्याहून सोपं, आणि जिथे ताण नाही अशा गोल भोकाला ते चालतं. मात्र रबर उन्हाने कडक होतं आणि तेलाने खराब होतं, म्हणून ते अधूनमधून बदलायचं.

भोक कायमचंच बंद करायचं ठरलं तर वेल्डिंग. इथे काम करणाऱ्याचा हात महत्त्वाचा आहे, आणि गॅरेज निवडताना पैशांपेक्षा हात बघावा. जुन्या जीपचा पत्रा 16 किंवा 18 गेजचा, म्हणजे साधारण 1.6 ते 1.2 मिलिमीटर जाड असतो. नंतरच्या गाड्यांचा त्याहून पातळ. पूर्वी आपल्याकडे हे काम गॅसवर व्हायचं. ऑक्सिॲसिटिलिनची ज्योत तीन हजार अंश सेल्सिअसच्याही वर जाते आणि ती एका ठिपक्यावर ठेवता येत नाही. आजूबाजूचा पत्रा तापतो, फुगतो आणि थंड झाल्यावर सुरकुततो. आता मिग वेल्डिंग तालुक्याच्या गावीही मिळतं. 0.8 मिलिमीटरची तार, कमी करंट, आणि एका वेळी एकच छोटा टाका.

अगदी लहान भोक नुसत्या वेल्डने भरता येतं. खालून तांब्याचा जाड तुकडा दाबून धरायचा. तांबं साध्या पोलादाच्या सात-आठपट वेगाने उष्णता ओढून नेतं, त्यामुळे वितळलेलं पोलाद खाली गळत नाही आणि तांब्याला चिकटतही नाही. भोकाच्या कडेपासून सुरुवात करून फिरत आत यायचं. बोल्टाएवढं, म्हणजे आठ-दहा मिलिमीटरचं भोक असेल तर त्याच गेजच्या पत्र्याची गोल चकती कापून ती भोकात पत्र्याशी सपाट बसवावी आणि कडेने झाळावी. काहीजण वरून मोठी चकती टाकून कडेला टाके मारतात. लवकर होतं, पण दोन पत्र्यांमध्ये फट राहते. फटीत काय होतं ते इव्हान्स यांच्या थेंबाने आपल्याला सांगितलंच आहे.

भोकाभोवतीचा पत्रा सडलेला असेल तर तो सगळा कापून टाकावा लागतो. मालकाचं मन इथे कचरतं. पेचकसाचं टोक दाबून बघावं. जिथे ते आत जातं तिथला पत्रा गेलेला आहे, आणि त्याच्याही पुढे चकचकीत धातू लागेपर्यंत कापावं. सडक्या पत्र्याला टाका धरत नाही, तो जळून भोक मोठं होतं. नव्या ठिगळाचे कोपरे गोल ठेवावेत. ही नुसती सफाईची गोष्ट नाही. ताणलेल्या पत्र्यात गोल भोक असलं तर त्याच्या कडेवर ताण तिप्पट होतो, हे जर्मन अभियंता किर्श यांनी 1898 साली गणिताने मांडलं. 1913 मध्ये इंग्लंडमध्ये इंग्लिस यांनी दाखवलं की भोक जितकं अणकुचीदार तितका टोकाशी ताण वाढत जातो. जीपचा हौदा खडकाळ वाटेवर सतत पिळवटत असतो. चौकोनी ठिगळाच्या टोकदार कोपऱ्यातून निघालेली चीर मी अनेक जीपांत पाहिली आहे, आणि दरवेळी वेल्ड शाबूत असतो, फाटतो तो शेजारचा पत्रा.

ठिगळाला समोरासमोर चार टाके मारावेत, मग त्यांच्या मधोमध चार, असं करत जावं. एका ओळीत वेल्ड ओढत नेला तर ठिगळ फुगून ढोलासारखं वाजतं. हात लावता येईल इतकं थंड झाल्याशिवाय पुढचा टाका नको. पाणी ओतून घाईने थंड करण्याची सवय काही कारागिरांना असते. त्यांना प्रेमाने पण ठामपणे अडवावं.

वेल्डिंगआधी बॅटरीची वायर सुटलेली असावी, नाहीतर अल्टरनेटर आणि इलेक्ट्रॉनिक भाग जाऊ शकतात. तळाखाली ब्रेकच्या नळ्या आणि वायरिंग कुठून जातं ते बघावं. जिप्सीत पेट्रोलची टाकी मागच्या तळाखालीच आहे. टाकी उतरवल्याशिवाय तिथे ड्रिलसुद्धा लावू नये. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करताना वेगळा धोका आहे. जस्त 907 अंशांना उकळतं आणि पोलाद वितळायला पंधराशेच्या आसपास तापमान लागतं, म्हणजे टाका बसण्याआधीच जस्ताचा धूर झालेला असतो. तो धूर छातीत गेला की कारागिराला रात्री थंडी वाजून ताप भरतो. मुलामा आधी घासून काढावा आणि काम उघड्या हवेत करावं. कारागीर आपला नोकर नसला तरी त्याच्या छातीची काळजी आपल्याला असायला हवी.

टाके घासून सपाट झाल्यावर पुट्टी येते, आणि इथे माझा आग्रह आहे. पुट्टी म्हणजे पॉलिएस्टर राळेत मिसळलेली शंखजिऱ्याची भुकटी. ती ओल शोषते. चकचकीत धातूवर किंवा एपॉक्सी प्रायमरवर, पातळ थरात, वरून रंग लावून ती चालते. भोकात बोळा कोंबून वर पुट्टी फासणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. पहिल्या पावसाळ्यानंतर तिथे फुगा येतो. जुनी जीप विकत घेताना लोहचुंबक कापडात गुंडाळून हौद्यावरून फिरवावं. जिथे ते चिकटत नाही तिथे पुट्टीखाली काय आहे ते विकणाऱ्याला विचारावं.

वेल्डची खालची बाजू लोक विसरतात, आणि गंज तिथूनच सुरू होतो, कारण उष्णतेने खालचा रंग जळलेला असतो. वर लावलं ते सगळं खालीही लावायचं: प्रायमर, जोडावर सीलंट, मग अंडरकोटिंग. पेटीच्या बंद पोकळीत ब्रश जात नाही, तिथे नळीने मेणयुक्त द्राव फवारतात. पावसाळ्यापूर्वी जळकं ऑइल मारण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. ते काही काळ पत्रा राखतं हे खरं, पण रबरी बुशांना खातं, आणि पहिल्याच पाण्याबरोबर शेतात आणि ओढ्यात उतरतं. आता चांगले पर्याय मिळत असताना ते सोडून द्यायला हवं.

पोलादाचं हे सगळं ज्ञान घेऊन कुणी जुन्या लँड रोव्हरपुढे उभा राहिला तर त्याला बरंच नव्याने शिकावं लागतं. ही गाडी 30 एप्रिल 1948 रोजी ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लोकांपुढे आली. युद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती, म्हणून तिचे बरेचसे बाहेरचे पत्रे बर्माब्राइट या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम मिश्रधातूचे केले गेले. पुढे डिफेंडर नाव मिळालेली ही गाडी 29 जानेवारी 2016 पर्यंत सॉलिहलच्या कारखान्यात तयार होत होती. तिच्याही मागे समोरासमोरची बाकडी असत आणि ब्रिटनमध्ये आजही मालक ती काढतात. ॲल्युमिनियम गंजत नाही म्हणून ते निश्चिंत असतात, आणि बोल्ट काढल्यावर भोकाभोवती पांढरी भुकटी सापडते. पोलादाचा बोल्ट आणि ॲल्युमिनियमचा पत्रा ओलीत एकत्र आले की ॲल्युमिनियम स्वतः झिजून पोलादाला वाचवतं.

दोन धातूंचा हा व्यवहार नवा नाही. 1824 साली हम्फ्री डेव्ही यांनी ब्रिटिश युद्धनौकांच्या तळाला मारलेल्या तांब्याच्या पत्र्याला जस्त आणि लोखंडाचे तुकडे जोडले. ते तुकडे झिजले आणि तांबं वाचलं. पण तांबं झिजायचं थांबल्यावर त्याचं विष पाण्यात मिसळेना, आणि जहाजांच्या तळाला शंख-शिंपले आणि शेवाळ चिकटून त्यांचा वेग मंदावला. डेव्ही यांचं विज्ञान अचूक होतं. लँड रोव्हरच्या पत्र्याला त्या तुकड्यांची जागा नकळत मिळाली आहे, एवढंच.

म्हणून तिथे ठिगळ ॲल्युमिनियमचंच हवं. वेल्डिंग अवघड: धातू साडेसहाशे अंशांच्या थोडं वर वितळतो, पण त्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा दोन हजार अंशांपर्यंत टिकून राहतो, आणि नवख्याच्या हातात पत्रा रंग न बदलता एकदम कोसळतो. चिकटद्रव्य आणि बंद तोंडाचे ॲल्युमिनियमचे रिव्हेट हा तिथला चांगला मार्ग. साध्या पॉप रिव्हेटमधून पाणी झिरपतं आणि त्यात अडकून राहिलेला पोलादी खिळा आतल्या आत गंजतो. जिथे पोलादी बोल्ट ठेवणं भाग आहे तिथे नायलॉनचा वॉशर आणि सीलंट घालून दोन धातूंची गाठ तोडायची.

काम संपल्यावर लगेच मॅट टाकू नका. हौद्यात पाणी सोडा, गाडीखाली कोरडा कागद पसरा आणि थोडा वेळ थांबा. ठेवलेल्या भोकांतून पाणी निघून गेलं पाहिजे, बुजवलेल्या भोकांखाली कागद कोरडा राहिला पाहिजे. मॅट टाकाल तीही रबराची, सहज उचलता येईल अशी; ज्यूट किंवा फेल्टचं अस्तर वरून कोरडं वाटतं आणि खाली ओल धरून ठेवतं. आणि दिवाळीच्या सुमारास, पाऊस पूर्ण गेल्यावर, मॅट उचलून प्रत्येक ठिगळाची कड वरून आणि खालून बोटाने चाचपून बघा. कुठे रंग उचललेला लागला तर त्याच आठवड्यात तो खरवडून प्रायमर लावा. पुढच्या जूनपर्यंत थांबू नका.